बुडाला भोकं असलेलं खापर

१९ मार्च

मला वही लिहायची खोड नाही. पण आज घरची भानगड आणि म्युझियमची भानगड एकाच टेबलावर येऊन बसली, आणि बोलायला दुसरं कुणी नाही.

हिवाळ्याच्या पावसाने वरच्या मेंढवाड्याचा गडगा कोसळला होता. माझा धाकटा भाऊ येर्को दगड परत रचायला गेला, तर गडग्याच्या पोटात खापरं. त्याने फोन केला तो असा: "ताई, तुझी रोमन माणसं वर आलीयत. जेवायला थांबणार असतील तर आधी सांग, घरात बटाटेच आहेत."

मी आणि नेदा लगेच निघालो. नेदा आमच्या म्युझियमची पुरातत्त्ववाली, माझ्या निम्म्या वयाची. भांडं कुठल्या काळचं ते ती ठरवते. ते परत उभं कसं करायचं ते मी ठरवते. तीस वर्षं खापरं जोडतेय, माझ्या नखांतली माती आता माझ्याबरोबरच जाणार.

बाकी सगळे नेहमीचे तुकडे होते, कौलं आणि तेलाच्या रांजणांचे कान. आणि त्यांत हे एक. एका छोट्या गोल भांड्याचं बूड, अर्ध्याहून जास्त शाबूत, काठ बोटभर उंच. आतून एकात एक गोल कंगोरे आणि कंगोऱ्यांमधल्या खाचांत भोकं.

"चीजचा साचा!" मी म्हटलं.

"पूहचं मडकं," येर्को म्हणाला. दोघं एकदमच बोललो.

नेदा हसायला लागली. पण ती गंमत नव्हती. रोमन लोक पूह, म्हणजे झाडावर राहणारा झुबकेदार शेपटीचा खारीएवढा प्राणी, अंधाऱ्या मडक्यात कोंडून, अक्रोड खाऊ घालून लठ्ठ करायचे आणि मग भाजायचे. त्या मडक्यांनाही भोकं असतात, आतून कंगोरे असतात, त्याला आतल्या आत धावायला. आमच्या बेटावर आजही शरदात पूहची शिकार होते, आणि येर्को शिकाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. पूहला उंदीर म्हणालात तर तो दोन दिवस बोलत नाही. मी मुद्दाम म्हणते.

खापर त्याच्यापुढे धरलं तर म्हणाला, "ठेव त्या दगडावर. दिसतंय मला." स्वतःच्या गडग्यातून निघालेली वस्तू, पण हातात घ्यायची तसदी नाही साहेबांना.

२३ मार्च

रविवार. जेवायला येर्कोकडे. शेजारचा दुयामही होता. हल्ली तो तिथेच पडीक असतो. देवाने त्याला भरपूर वेळ दिलाय आणि येर्कोने भरपूर वाईन.

जेवता जेवता पुन्हा तेच. मी म्हटलं, "भोकं बुडाला आहेत, बुडाला! फाटलेल्या दुधाची निवळी गळून जायला. तुझ्या उंदराला श्वास घ्यायला भोकं लागतील ती वर, की ढुंगणाखाली?"

"मुतायला नको का त्याला?" येर्को म्हणाला. दुयाम इतका हसला की त्याला ठसका लागला.

मीही हसले, खोटं कशाला सांगू. आणि त्याच हसण्यात येर्कोने हळूच सांगून टाकलं: मेंढ्या विकतोय. पलीकडच्या किनाऱ्यावरचा एक जण सगळा कळप घेतोय. बाबांनी कळप दोघांच्या नावावर ठेवला, म्हणून माझी सही हवी.

मी विचारलं, "का?"

"कंटाळा आला."

कंटाळा! बाबा अंगात ताप घेऊन धार काढायचे. या गावात चीज करणारं आमचं शेवटचं घर, आणि याला कंटाळा आला! मी वाट्टेल ते बोलले. तो बटाटे चिवडत बसला. शेवटी मीच म्हटलं, "बरं, पैज. ते मडकं पूहचं निघालं तर तोंडातून शब्द न काढता सही करते. चीजचा साचा निघाला तर मेंढ्या राहतील, आणि विकायचा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस."

त्याने काटा खाली ठेवला. "चालेल," म्हणाला.

"मग मिळव हात."

"दुयाम साक्षीला आहे की. हात कशाला?"

पैज लावायची आणि हात मिळवायचा नाही. ही मिजास बाबांकडून आलेली नाही, आईकडूनही नाही. कुठून आली कोण जाणे.

२ एप्रिल

नेदाने आज खापराच्या आतून चिमूटभर भुकटी खरवडली. हातमोजे, तोंडाला पट्टी, नवी कोरी पाती. मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं, का तर मी दुपारी चीज खाल्लं होतं. भुकटी परदेशातल्या प्रयोगशाळेत जाणार. झिलई नसलेल्या मातीच्या भांड्यात चरबी मुरते आणि दोन हजार वर्षंही मुरून राहते. ती मांसाची की दुधाची हे त्यांना ओळखता येतं.

"आणि काहीच सापडलं नाही तर?" मी विचारलं.

"तर काहीच नाही सापडलं," नेदा म्हणाली. "निखाऱ्यावरचं झाकणही असू शकतं ते, पेरिनाबाई. फार जीव लावू नका."

बोलणं सोपं आहे. मी खापर भिंगाखाली धरून बसले. दोन गोष्टी माझ्या डोक्यात बसत नाहीत. एक, हे इतकं लहान का? पूर्ण भांडं माझ्या तळहातावर मावेल. रोमन काळचे चीजचे साचे मी दुसऱ्या म्युझियमांत पाहिलेत, ते ताटलीएवढे असतात. चांगला कळप असलेला माणूस एवढ्याशा वाटीत चीज कशाला करेल?

दोन, कंगोरे एकाच बाजूला झिजलेत. उरलेले कालच केल्यासारखे धारदार. दोन्ही हातांनी दाबलं तर झीज सगळीकडे सारखी व्हायला हवी.

नेदा म्हणते, तिरक्या दगडावर ठेवत असतील. असेलही. पण रोजच्या रोज भांडं तिरक्या दगडावर ठेवणारी बाई मला अजून भेटायचीय.

मनातल्या मनात भीती वाटते की येर्कोचंच खरं असेल. एखादा पूह एकाच कोपऱ्यात नखांनी खरवडत बसला असेल बाहेर पडायला.

१८ एप्रिल

गुड फ्रायडे. यूगो सुटलाय. दक्षिणेचा हा दमट वारा सुटला की गावात कुणीच कुणाशी धड बोलत नाही, आणि नंतर सगळे वाऱ्याला दोष देतात.

मिरवणुकीत क्रूस येर्कोच्या खांद्यावर असतो. बाबांच्या नंतर दरवर्षी त्याच्याच. आज क्रूस दुयामने उचलला. येर्को मेणबत्ती घेऊन मागे चालत होता, तीही डाव्या हातात, पाजी पोरासारखी कशीबशी धरून. बायका माझ्याकडे बघत होत्या. मान खाली घालावी लागली.

चर्चबाहेर मी त्याला गाठलं. "पाद्रीबाबांशी भांडलास की देवाशी?"

"खांदा दुखतोय जरा."

"मेंढ्यांचा कंटाळा, देवाचा कंटाळा. आता बहिणीचाही येऊ दे."

तो निघून गेला. स्वेटर उलटा घातला होता. घरात बाई नसली की असं होतं. पण तेवढंही मी सांगायचं का?

४ मे

आजचा दिवस लिहिण्यासारखा आहे, माझी फजिती झाली असली तरी.

त्या खापराचं पूर्ण भांडं मी स्वतः घडवलं. बेटावरचीच माती. कंगोरे, भोकं, काठ, सगळं तंतोतंत. भट्टीत छान भाजून निघालं. मग बाजारातून मेंढीचं दूध आणलं आणि स्वयंपाकघरात चीज करायला घेतलं. बाबा करायचे तसं दूध कोमट केलं, दूध फाडायला कोकराच्या पोटातलं विरजण घातलं. बहुतेक जास्त घातलं. दूध फाटलं ते असं घट्ट की चाकूला दाद देईना. साच्यात भरून दोन्ही हातांनी दाबलं, तर भोकांतून निवळीच्या चिळकांड्या थेट माझ्या चष्म्यावर. पण गळली! भोकांतून सुरेख गळली. उंदीर मुतला तरी इतका नेमका नाही मुतणार.

जे तयार झालं ते दाताखाली चुंई चुंई वाजत होतं. मांजरीने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळच्या बसने साचा घेऊन येर्कोकडे गेले. म्हटलं, तुझ्या हाताने एकदा करून दाखव. मला बघायचंय झीज कुठे पडते. तू चाळीस वर्षं करतोयस, तुझा हात बसलेला आहे.

त्याचा चेहरा एकदम लाल झाला. "माझे हात तुझ्या म्युझियममध्ये मांडायचेत का? तूच कर!"

"अरे पण..."

"ताई, जा. बस चुकेल."

साचा त्याच्या ओसरीच्या दगडावर आपटूनच आले. फुटला नाही. चांगला भाजलाय. वाटभर रडायला येत होतं आणि शेजारी पर्यटक बसले होते. एवढ्याशा मागणीवर एवढं अंगावर यायचं? हरायची भीती वाटतेय त्याला, दुसरं काय.

२५ मे

दुयाम खाली बाजाराला आला होता. येर्कोने पाठवलेलं चीज देऊन गेला. फडकं सोडलं आणि हसूच आलं. एवढंसं, मुठीएवढं चीज! बुडाला गोल गोल वळ्या. लबाड माझाच साचा वापरतोय आणि कबूल करत नाहीये. हार दिसायला लागली म्हणून मस्का.

पण काम काय भोंगळ! एका बाजूला दाबून चपटं, दुसऱ्या बाजूला फुगलेलं. बाबांनी असं चीज डुकराला घातलं असतं.

लगेच फोन केला. "चव चांगली आहे, पण हे वाकडं काय? झोपेत केलंस का?"

"चव चांगली आहे ना? मग झालं."

"मोठा साचा कुठे गेला?"

"जड आहे तो," म्हणाला. जड! शंभर वेळा त्याने तो एका हाताने उलटा केलेला मी बघितलाय.

चीज मात्र संपवलं. वाकड्या बाजूसकट. त्या चवीला बाबांची आठवण होती, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

१७ जून

आता रात्र झालीय, पण आजचं आजच लिहिते, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीचं करून टाकेन.

सकाळी नेदा धावतच आली. निकाल आला. दुधाची चरबी! रवंथ करणाऱ्या जनावराच्या दुधाची, म्हणजे मेंढी किंवा शेळी. पूहचा मागमूस नाही. आजूबाजूची मातीही तपासली होती, तीत काही नाही. नेदाने मला मिठी मारली आणि मी तीस वर्षांत पहिल्यांदा म्युझियममध्ये आरडाओरडा केला.

"आता तरी साचा म्हणू ना?"

"बहुतेक साचा," नेदा म्हणाली. तिच्या धंद्यात यापेक्षा मोठ्याने कुणी बोलत नाही.

दुपारच्या बसने वर. बसभर पाठ केलं काय बोलायचं ते. पहिलं वाक्य होतं, "अध्यक्षसाहेब, आपला उंदीर पळाला."

घरी कुणी नव्हतं. धारेची वेळ, म्हणजे मेंढवाड्यात असणार. मागच्या पायवाटेने गेले, म्हटलं दचकवावं. गडग्याच्या फटीतून पाहिलं.

येर्को स्टुलावर बसला होता. दुयामने मेंढी धरलेली. येर्को डाव्या हाताने धार काढत होता. उजवा हात मांडीवर पडला होता आणि थरथरत होता, थांबतच नव्हता. मधेच त्याने तो आचळाकडे नेला. बोटं मिटेनात. त्याने तो पुन्हा मांडीवर ठेवला, डाव्या हाताने उचलून ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. दुयाम मेंढी तशीच धरून होता. त्यांना सवय झाली होती.

मी हललेच नाही. मग ते दोघं मेंढवाड्याच्या कडेच्या झोपडीत गेले. दार उघडंच होतं. सकाळच्या दुधाचा चक्का माझ्या साच्यात भरला दुयामने. आणि येर्को वाकला, उजव्या हाताचं कोपर साच्याच्या एका कडेला रोवलं, अंगाचा भार त्यावर टाकला, आणि डाव्या हाताने साचा धरून ठेवला. एवढासा साचा, म्हणून एका हातात धरता येत होता. मोठा त्याला उचलताच आला नसता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. क्रूस, मेणबत्ती, उलटा स्वेटर, पैजेचा हात. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी भिंग लावून खापरं बघत बसले होते. देवा, मी त्याला काय काय बोलले!

पायाखालचा दगड सरकला. दोघांनी वर पाहिलं.

येर्कोने हात पाठीमागे घेतला. मग मी सगळं पाहिलंय हे त्याला कळलं असावं, कारण त्याने तो परत पुढे आणला. "कधीची उभी आहेस?"

"कधीपासून होतंय हे?"

"मागच्या हिवाळ्यापासून. आधी बोटं होती फक्त."

"डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणणार मेंढ्या विका. ते मलाही येतं म्हणायला."

"मला का नाही सांगितलंस, गाढवा?"

"सांगितलं असतं तर तू रडत रडत सही केली असतीस," येर्को म्हणाला. "बाबांचा कळप माझ्या हातापायी गेला, असं झालं असतं. कंटाळा आला म्हटलं की तू चिडून सही करशील वाटलं. तुझं चिडणं बरं असतं. लवकर ओसरतं. पण तू पैज लावलीस."

"आणि तू 'चालेल' म्हणालास! का म्हणालास?"

येर्को साचा सारखा करायला लागला. दुयामच मधे बोलला, "ताई, त्याला हरायचंच होतं. दर आठवड्याला मला विचारतो, निकाल आला का, चीज निघेल ना म्हणून."

"तू गप रे," येर्को म्हणाला.

मी मेंढवाड्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. मग त्यानेच विचारलं, "आला ना आज निकाल? तुझ्या तोंडावर दिसतोय."

काय सांगायचं ते मला कळेना. पूह म्हटलं असतं तर सही, कळप गेला असता, तो सुटला असता. एक क्षण जिभेवर पूह आला होता, खरंच. पण बाबांच्या मेंढवाड्यात बसून खोटं बोलायचं, तेही त्याला जे हवंय त्याच्या उलट?

"चीज," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. आनंद झाला आणि लगेच विझला, दोन्ही दिसलं. "म्हणजे मेंढ्या राहिल्या," म्हणाला. "आणि धार कोण काढणार, ते त्या खापरावर लिहिलंय का?"

"सरक," मी म्हटलं. "बादली दे इकडे."

धार राहिलेल्या मेंढीने पहिल्याच झटक्याला बादली उलटी केली. दुयाम आडवा पडून हसला. येर्को ओरडायला लागला, "ओढू नकोस, दाब! वरून खाली! ती काय घंटा आहे का चर्चची?" मी अठरा वर्षांची असताना सोडलेलं काम. अर्धा पेला दूध निघालं असेल, त्यातही केस.

२९ जून

रविवार. संत पीटरचा सण.

मी वरच राहतेय. सकाळी धार, मग बसने म्युझियम, संध्याकाळी परत. जुलैच्या मध्याला मेंढ्या आटतील, तोवर निभेल. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. दुयाम आहेच. मी त्याला पडीक म्हणाले ते इथे लिहिलेलं आहे, ते तसंच राहू दे. त्याला नाही दाखवणार.

गुरुवारी येर्कोला बोटीने पलीकडे मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. बरं होईल असं म्हणाले नाहीत. हळू वाढेल असं म्हणाले. येर्को परतीच्या बोटीत म्हणाला, "मग पूहच्या मोसमात बंदूक तू धर." मी म्हटलं, "उंदरावर गोळी नाही झाडत मी." लगेच फुगला. बरं वाटलं.

शुक्रवारी खापरासाठी पाटी लिहायला बसलो. नेदा सांगत होती, मी लिहीत होते. चीजचा साचा, बहुतेक. आत दुधाच्या चरबीचे अंश. आकार नेहमीपेक्षा लहान. झीज एका बाजूला, कारण अज्ञात.

"कारण अज्ञातच लिहायचं?" मी विचारलं.

मग मी येर्कोच्या झोपडीतून आणलेला माझा साचा तिच्यापुढे ठेवला. जेमतेम दोन महिन्यांचा, पण एका बाजूचे कंगोरे बोथट झालेत. नेदा कितीतरी वेळ एकदा हा साचा आणि एकदा ते खापर भिंगाखाली धरत राहिली.

"यावरून काही सिद्ध होत नाही, पेरिनाबाई," ती शेवटी म्हणाली. पण आवाज खाली आला होता.

"माहीत आहे," मी म्हटलं. पाटीवर "कारण अज्ञात" तसंच ठेवलं.

आज जेवायला आम्ही तिघंच. कोकराची तंगडी, बटाटे, आणि मी केलेलं चीज. ते वाकडं नाही, नुसतंच वाईट आहे. येर्कोने खाल्लं. "मांजर कुठे गेली?" एवढंच म्हणाला.

माझं अक्षर आज फारच वाईट आलंय. धार काढून अंगठा वळत नाही, पेन निसटतं. मी तसं बोलून दाखवलं तर येर्को हसला, आणि वाईनचा पेला उचलला. दोन्ही हातांनी, काठोकाठ भरलेला. थोडी वाईन टेबलक्लॉथवर सांडली. त्याने हात लपवले नाहीत, आणि मी फडकं आणायला उठले नाही.